चार वर्षांत बॅटरी पाव भागाने उतरली? (गाव नागपूर, ऊन फुकट)

सावजी

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

एप्रिल २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर दुसऱ्या पानापासून धागा 'तुमची कंपनी वि. आमची कंपनी' होतो. बॅटरी ३० युनिटांच्या आसपासची, एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटवाली). आजवर ६१ हजार किमी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री चार्ज करतो. डीसी, म्हणजे फास्ट चार्जर महिन्यातून एखाद्या वेळी.

आठवड्यातून दोनदा वर्ध्याला कामाला जातो, येऊन-जाऊन १५५ किमी. गाडी नवी असताना, डिसेंबरात, १०० टक्क्यांवर निघून घरी परत आलो की ३८ टक्के शिल्लक असायचे. आता मे महिन्यात त्याच फेरीत १२ टक्क्यांवर आलो. बुटीबोरीपासून एसी बंद करून, काचा खाली करून. घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "हे मायक्रोवेव्हमधून आल्यासारखे काऊन दिसून राहिले?"

हिशोब केला तर एका चार्जमध्ये अडीचशे किमीची गाडी पावणेदोनशेवर आली. म्हणजे पाव भागापेक्षा जास्त गेलं! सर्विस सेंटरला विचारलं. तिथे लॅपटॉप लावला, दहा मिनिटं बघितलं आणि "सगळं ओके आहे साहेब" म्हणाले. किती ओके, आकडा द्या म्हटलं तर तो देता येत नाही म्हणे.

काळजी म्हणाल तर मी घेतोच. नेहमी ३० ते ८० मध्येच ठेवतो, वर्ध्याचे दिवस सोडले तर शंभर क्वचितच करतो. यूट्यूबवर सगळे हेच सांगतात. मग बॅटरी उतरली कशी? आणि वॉरंटीत हे बसवायचं तर काय पुरावा जमवावा?

धोपटमार्ग

मी तर आधीपासून म्हणत होतो. मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत फुगते, गाडीची काय वेगळी असणार? आमची डिझेल बारा वर्षांची आहे, टाकी अजून तेवढीच भरते.

वऱ्हाडी ठेचा

टाकी तेवढीच भरते भाऊ, खिसा किती रिकामा होते ते पण सांगा.

सावजीभाऊ, टेन्शन नका घेऊ. आठ वर्षं वॉरंटी असते ना?

टेकडीवरचा

सावजी, वॉरंटीकडे नंतर येऊ. तुमच्या लिखाणात मला दोन गोष्टी खटकल्या: 'एलएफपी' आणि 'शंभर क्वचितच'. त्याआधी थोडं मूळ सांगतो. (मी राहतो पुण्यात एआरएआयच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीखाली, पण तिथे नोकरीला नाही. पोटापाण्यासाठी बॅटरीतल्या सेलच्या चाचण्या करतो, दुसरीकडे.)

बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक, वापरल्याने. दुसरी, नुसती पडून राहिल्याने. लोकांना पहिलं कळतं, दुसरं कोणी धरत नाही, आणि घरगुती गाडीत बहुतेक वेळा दुसरंच जास्त खातं. गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते ना.

उभ्या उभ्या काय बिघडतं? सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं. पहिल्यांदा चार्ज होताना त्यावर एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा हवाच. बिडाचा नवा तवा आठवा, तेल मुरून थर बसल्याशिवाय घावन सुटत नाही. पण सेलमधला हा थर बनतो लिथियम खाऊन. एकदा थरात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. थर हळूहळू जाड होत राहतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते.

जसजसा थर जाड होतो तसतसा तो स्वतःच पुढची वाढ रोखतो. म्हणून घट सरळ रेषेत नसते, साधारण वर्षांच्या वर्गमुळाप्रमाणे चालते. पहिल्या वर्षी ४ टक्के गेले तर चार वर्षांत १६ नाही, ८ जातात. नऊ वर्षांत १२. पहिल्या वर्षीचा आकडा बघून घाबरणारे लोक इथेच फसतात.

थराला खतपाणी घालतात दोन गोष्टी: उष्णता आणि भरलेली बॅटरी. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. शंभर टक्क्यांवर भरून मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस उभी केलेली गाडी त्याच आठ दिवसांत रोज शंभर किमी पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त झिजू शकते. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसं.

आता मुद्दा. नागपूरचं ऊन धरूनही चार वर्षांत ३० टक्के हे एलएफपीला फार होतात. कॅनडाच्या जिओटॅब कंपनीने हजारो गाड्यांचा डेटा तपासला. २०२० मध्ये सरासरी घट वर्षाला २.३ टक्के निघाली, २०२४ मध्ये १.८. तुमचा आकडा यात कुठेच बसत नाही. तुम्ही मोजलीत ती रेंज, म्हणजे एका चार्जमधले किलोमीटर. क्षमता अजून कोणी मोजलेलीच नाही.

मला सांगा: १) मार्ग तोच आहे का? २) टायर बदललेत का? ३) शेवटचं पूर्ण १०० कधी केलं होतं, आणि १०० दिसल्यावर किती वेळ प्लग लावून ठेवला होता?

सावजी

१) जाताना जुना रस्ता, येताना आता समृद्धी. तेव्हा समृद्धी नव्हती. अंतरात फार फरक नाही. समृद्धीवर ८५-९० ने येतो, जुन्या रस्त्याला ६०-६५ असायचा.
२) हो, गेल्या दिवाळीत चारही बदलले. दुकानदाराने "हे रुंद घ्या, ग्रिप चांगली" म्हणून दिले.
३) वर्ध्याच्या दिवशी १०० करतो, पण १०० दिसलं की लगेच काढतो. त्याआधी मार्च-एप्रिल दोन महिने घरूनच काम होतं, तेव्हा एकदाही नाही.

टेकडीवरचा

मग निम्मं उत्तर इथेच आलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ चा ९० केलात की तो जवळजवळ दुप्पट. वर मे महिन्याचा एसी आणि रुंद टायर.

उरलेलं निम्मं मीटरचं आहे. एलएफपी सेलचा स्वभाव असा की २० पासून ९० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज हलतच नाही म्हटलं तरी चालेल, ३.२ ते ३.३५ मध्येच घोटाळतं. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून आत किती शिल्लक आहे हे गाडीच्या बीएमएसला (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला) कळत नाही. ती आपली आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजत बसते, आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी चुकते. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं, महिनाखेरीला हिशोब मिटवला नाही की आकडा भरकटतो. मिटवायची जागा म्हणजे वरचं टोक. तिथे व्होल्टेज एकदम चढतं, बीएमएसला पक्कं कळतं की आता भरली, आणि सेल एकमेकांच्या बरोबरीला आणायचं कामही तिथेच होतं. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी १०० करा असं सांगते ते याचसाठी.

३०-८० चा सल्ला मुळात एनएमसी, म्हणजे निकेलवाल्या बॅटऱ्यांचा. यूट्यूबवाल्याची गाडी कोणती होती ते बघितलं होतं का?

अवांतर: एलएफपीचा शोध टेक्सासात ऑस्टिनला, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी, दुसरं नंजुंडस्वामी. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपल्या पेपरांत ही दोन नावं फारशी कुठे दिसली नाहीत.

उन्हाळी

मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. म्हणजे नागपूर, फक्त संत्री महाग.

उष्णता आणि बॅटरी हा विषय जगाला शिकवला तो आमच्या गावाने. निसानची लीफ २०१० च्या डिसेंबरात बाजारात आली, २४ युनिटांची. तिच्या बॅटरी पॅकला थंड करायला पाणी नाही की पंखा नाही. डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ दांड्या असायच्या. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्सच्या लोकांची पहिली दांडी पडायला लागली. मेख अशी की पहिली दांडी पडायलाच साधारण १५ टक्के घट लागते, पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांना. म्हणजे एक दांडी गेली याचा अर्थ बारावा हिस्सा गेला असा नव्हे, सातवा गेला. लोक भडकले, स्वतःच गाड्या जमवून रेंज मोजली. कंपनीनेही सात गाड्या कासा ग्रांदेच्या चाचणी केंद्रात नेऊन तपासल्या. अखेर २०१३ मध्ये वॉरंटी वाढवून दिली: पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांच्या आत नऊपेक्षा कमी दांड्या राहिल्या तर दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. २०१५ च्या मॉडेलला उष्णता सोसणारे सेल आले, त्यांना लोक 'लिझर्ड' म्हणायचे. सरडा वाळवंटात जगतो म्हणून.

त्याच वाळवंटात पाण्याने थंड होणाऱ्या पॅकच्या गाड्या खूपच बऱ्या टिकल्या. जिओटॅबच्या २०२० च्या आकड्यांत २०१५ ची लीफ वर्षाला ४.२ टक्के आणि त्याच सालची टेस्ला मॉडेल एस २.३. तेव्हा सावजी, तुमच्या पॅकला पाण्याचं कूलिंग असेल तर निम्मी काळजी सोडा.

धोपटमार्ग

पण फास्ट चार्जिंगने बॅटरी मरतेच ना? आमच्या ओळखीतला ड्रायव्हर सांगत होता.

उन्हाळी

तेही इथेच तपासलं गेलंय. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने २०१२ च्या चार लीफ फिनिक्सच्या रस्त्यावर फिरवल्या, दोन कायम घरगुती चार्जिंगवर, दोन कायम डीसीवर. ५०,००० मैलांनंतर चारही गाड्यांची क्षमता चांगलीच घटली होती. डीसीवाल्यांची थोडी जास्त, पण फरक किरकोळ. खरा चोर ऊनच निघालं. आणि ही कूलिंग नसलेल्या गाड्यांची गत. तुमच्या ड्रायव्हरने कदाचित भर दुपारी ९० च्या पुढे डीसीवर ढकलत ठेवली असेल, ते मात्र कोणत्याही बॅटरीला सोसत नाही.

बर्फातला मराठी

आमच्याकडे कॅलगरीत जानेवारीत रेंज तिसऱ्या हिश्श्याने घटते आणि एप्रिलमध्ये परत येते. ती झीज नव्हे, थंडीत सेल आखडतात आणि हीटर वीज खातो. फक्त शून्याखाली गारठलेली बॅटरी जोरात चार्ज करू नये, लिथियम धातू होऊन ग्रॅफाइटवर चढतं. बऱ्याच गाड्या आधी बॅटरी गरम करून मगच घेतात. नागपूरकरांना याचा उपयोग शून्य, पण हजेरी लावली.

मीनाक्षी_आ

टेकडीवरचे, मग एलएफपी रोज १०० करून ठेवली तर चालेल का? आमच्या शोरूमवाल्याने "हिला काही होत नाही, बिनधास्त फुल ठेवा" असं सांगितलं होतं.

टेकडीवरचा

अर्धं खरं. कॅनडात हॅलिफॅक्सला डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांचा गट आहे, सेल किती टिकतात या कामात त्यांचं नाव मोठं. त्यांनी २०२४ मध्ये दाखवलं की एलएफपीसुद्धा सतत वरच्या पट्ट्यात चालवली तर खालच्या पट्ट्यापेक्षा लवकर झिजते. म्हणून आठवड्याला एकदा पूर्ण, शक्यतो निघायच्या आदल्या रात्री. पण शंभर करून, चावी शेजाऱ्याकडे देऊन दहा दिवस कोकणात जाऊ नका. जाताना ४०-५० वर सोडा. एवढं केलं की बाकीचा अभ्यास विसरा आणि गाडी चालवा. घेतली चालवायला आहे, तिची सेवा करायला नव्हे.

सावजी

अहो, एक गंमत झाली. हे सगळं घरी बोलत होतो, तर बाबा उठले आणि आतून डायऱ्या घेऊन आले.

बाबा एमएसईबीतून रिटायर. गाडी आली तेव्हा सोसायटीने अट घातली होती की पार्किंगच्या प्लगला वेगळा सब-मीटर बसवा, बिल तुम्ही भरा. मीटर बाबांनी स्वतः बसवून घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक चार्जिंगची नोंद ठेवतात. मला वाटायचं सोसायटीच्या हिशोबासाठी असेल. डायरीत तारीख, किती टक्क्यांपासून किती टक्के, मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात हवा: 'उकाडा', 'पाऊस', 'ढग'. चार वर्षं, निळ्या शाईत.

जून २०२१ ची नोंद: '२० ते १००, २६.८ यु.'

काल रात्री तसंच केलं. गाडी २० वर आणली, १०० होईपर्यंत लावली. २२.३ युनिट गेले!! २६.८ चे २२.३, म्हणजे १७ टक्के घट. ३० नाही, पण १७ पण काही कमी नाही. आता काय म्हणता?

टेकडीवरचा

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. अशी नोंद आमच्या लॅबमध्ये सुद्धा सगळे ठेवत नाहीत. भिंतीवरून घेतलेल्या युनिटांत चार्जरची गळती येते, दहा-बारा टक्के उष्णतेत जातात. पण चार्जर तोच, प्लग तोच, म्हणून जुन्या-नव्याची तुलना बरोबर आहे.

फक्त घाई करू नका. काल सुरुवातीचे '२०' सांगितले कोणी? त्याच भरकटलेल्या बीएमएसने. शंभर पक्कं होतं, वीस पक्कं नव्हतं. आता असं करा: १०० झाल्यावरही दोन-तीन तास प्लग राहू द्या. मग नेहमीसारखी चालवून २० वर आणा आणि पुन्हा पूर्ण भरा. असं दोन-तीनदा. मग मोजा.

जुनाबाजार

मध्येच घुसतोय, माफ करा. तीन वर्षं जुनी, टॅक्सी म्हणून चाललेली इलेक्ट्रिक बघितली. १ लाख १० हजार किमी, रोज डीसी. किंमत मोहात पाडणारी. घ्यावी का?

टेकडीवरचा

किमीला घाबरू नका, कागदाला घाबरा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का आणि व्यावसायिक वापराला किती, हे लेखी बघा. हल्ली 'लाइफटाइम' वॉरंटीच्या जाहिराती येतात, त्यांत 'पहिला मालक' हे दोन शब्द शोधा. क्षमतेची हमी किती टक्क्यांची हेही बघा, बऱ्याच कंपन्यांची ७० ची असते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या नियमावलीत पाच वर्षं किंवा १ लाख किमीला ८० टक्के, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला ७० टक्के अशी किमान पातळी आहे, ती मनात धरून सौदा करा.

आणि एकदा १०० पासून १०-१५ पर्यंत स्वतः चालवून बघा. टक्के एकसारखे उतरले पाहिजेत. ३५ वरून एकदम २२ अशी उडी मारली तर चहा पिऊन परत या.

मीनाक्षी_आ

ही उडी मी अनुभवलीय. सासवडहून येताना दिवे घाटाच्या आधी ३१ टक्के होते, दोन मिनिटांत ९ झाले आणि गाडीने कासवाचं चिन्ह दाखवलं, म्हणजे आता रांगतच चला. मुलगी मागच्या सीटवर खुश, "आई, कासव!" टो करून नेली. एका मॉड्यूलमधला (सेलांच्या एका गठ्ठ्यातला) सेल कमजोर निघाला, बाकी पॅक ठणठणीत. साखळीतली एक कडी खाली गेली की बीएमएस सगळ्यांना थांबवते. मॉड्यूल वॉरंटीत बदलून मिळालं, पण ४१ दिवस गाडी तिथेच आणि रोज फोनवर "पार्ट येतोय मॅडम". नाव घेत नाही. सांगायचं इतकंच की हळूहळू उतरणं वेगळं आणि असं कोसळणं वेगळं. पहिल्याला हमीच्या टक्क्यांखाली गेल्याशिवाय वॉरंटीवाले दाद देत नाहीत, दुसऱ्याला द्यावीच लागते. डॅशबोर्डचे फोटो काढून ठेवा, माझे तेच कामाला आले.

वऱ्हाडी ठेचा

सावजीभाऊ कुठे गेले? निकाल लावा ना बाप्पा, आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सावजी

आलो. मध्ये भाचीचं लग्न होतं.

तीनदा पूर्ण भरली, प्रत्येक वेळी १०० नंतर तीन तास प्लग ठेवला. पहिल्या रात्री १०० दिसल्यावरही मीटर हळूहळू फिरतच होतं. बाबा टॉर्च घेऊन खाली, वॉचमन त्यांच्या शेजारी, दोघं मीटरकडे बघत उभे.

चौथ्यांदा २० ते १००: २४.५ युनिट.

२६.८ ला २४.५ म्हणजे साडेआठ टक्के घट. टेकडीवरच्यांच्या वर्गमुळाच्या हिशोबात चार वर्षांना आठ, तर अगदी तिथेच. उलटा हिशोबही मांडला: त्या दिवशी २२.३ च गेले कारण गाडी २० दाखवत होती तेव्हा आत साधारण २७ होते. वर्ध्याहून १२ वर आलो तेव्हाही १९ तरी असतील. मी उगाच काचा खाली करून भाजून निघालो. बाकीची तूट माझ्या उजव्या पायाची, एसीची आणि त्या टायरवाल्याची.

परवा समृद्धीवर ७५ धरून आलो, एसी चालू. घरी २९ टक्के.

टेकडीवरचा

साडेआठ छान आहे. वॉरंटीचा विषय मिटला.

उन्हाळी

डायरीच्या एका पानाचा फोटो टाका ना. इथे माझ्या मित्रांना दाखवतो.

सावजी

बाबा नाही म्हणाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांची नोंद राहिली आहे, ती आठवून भरल्याशिवाय बाहेर दाखवायची नाही म्हणे.